करुणा ओव्हाळची कापलेली सायकल

करुणा ओव्हाळला राग लवकर येतो, असं कवठे येमाईत सगळेच सांगत. कशाचा येतो, ते मात्र कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर तिनं यादीच सांगितली असती. तिचा बाप महेंद्र रांजणगावच्या कंपनीत परमनंट होता, आई आक्काबाई अंगणवाडीत मदतनीस होती, घराला स्लॅब होता, आणि तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात वह्या वाटताना तिचं नाव ‘गरीब व होतकरू’मध्ये पुकारलं जाई. ती वही घ्यायची नाही. आपल्या जागेवरूनच म्हणायची, “आमच्याकडं वह्या हायत.” सगळा हॉल हसायचा. कुणाला हसतो आहोत, याची त्या हॉलला शुद्ध नसे.

सायकल ती सहावीत शिकली, बापाच्या मोठ्या काळ्या सायकलीवर, मधल्या दांड्याखालून पाय घालून, वाकडीतिकडी लटकत. आठवीत सीटवर बसली. अकरावीपासून एसटी चुकली की कवठ्याहून थेट शिरूर गाठायला लागली. चुकायची बऱ्याचदा. खरं सांगायचं तर ती चुकवायची.

शिरूरच्या कॉलेजात ती बी.ए.ला आली तेव्हा तिथे एकच शर्यतीची सायकल होती. पोलादी, जुनी, दोनदा रंग दिलेली. खेळाच्या भिमाजी पठारे सरांनी ती पुण्याच्या कुणा निवृत्त खेळाडूकडून मिळवली होती. मुलांनी तिला भंगार म्हणून सोडून दिलं होतं, म्हणून ती मुलींच्या वाट्याला आली. तिच्यावर दोघी तयारी करत: करुणा, आणि तिची होस्टेलमधली खोलीसोबतीण, केंदूरच्या बागायतदार साकोऱ्यांची सविता. करुणा हाडापेरानं उंच. सविता तिच्या खांद्याला लागायची.

तरी दोघींना एक सायकल पुरायची, कारण तिच्या सीटचा दांडा सरकायचा. साध्या सायकलीत सीट एका सुट्या दांड्यावर बसलेली असते आणि तो दांडा फ्रेमच्या नळीत आतबाहेर होतो. बोल्ट ढिला करायचा, दांडा वर ओढायचा नाहीतर खाली दाबायचा, बोल्ट आवळायचा. झालं काम. दोघींनी त्या दांड्यावर नेलपॉलिशनं आपापली खूण करून ठेवली होती. दोन खुणांमध्ये चार बोटांचं अंतर. जिल्ह्याच्या संघाच्या निवड चाचणीला मुली एकेक करून सुटतात आणि वेळ मोजली जाते, म्हणून पठारे सर सायकल संघटनेच्या लोकांच्या विनवण्या करून एकीचा नंबर पहिला आणि दुसरीचा शेवटचा घेत. करुणा घामाघूम होऊन यायची, सायकल थांबायच्या आत सविता पाना घेऊन बोल्टाला भिडायची. दोन वर्षं असं चाललं. दोन्ही वर्षं दोघींची निवड थोडक्यात हुकली, आणि दोन्ही वर्षं करुणा म्हणाली, “स्वतःची सायकल असती तर बघितलं असतं एकेकीला.”

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २००८ साली, संघटनेनं नियमच केला: प्रत्येक खेळाडूची सायकल वेगळी हवी. आता दोघींपैकी एकीला घरी बसावं लागणार होतं, आणि ते करुणाचं शेवटचं वर्ष होतं. पठारे सरांनी ही अडचण कॉलेजच्या संस्थेचे उपाध्यक्ष बाळासो आप्पांच्या कानावर घातली. घालायला नको होती, असं करुणाला पुढे वाटलं. पण सायकल तर हवी होती.

बाळासो आप्पा म्हणजे ऊस, सोसायटी, पतसंस्था आणि शिरूरबाहेर न्हावऱ्याच्या रस्त्याला दुमजली बंगला. त्या बंगल्याच्या हॉलमध्ये एक परदेशी सायकल भिंतीला टांगलेली होती, शिकारीत मारलेल्या गव्याचं मुंडकं टांगावं तशी. त्यांचा इंजिनिअर मुलगा सत्यजीत यानं ती हौसेनं मित्राकरवी मागवली, पुण्यात जोडून घेतली, आणि तेवढ्यात मोटारगाडी आल्यावर सायकल भिंतीवर गेली. तिच्यावर कुणी एकदाही बसलं नव्हतं. “देऊन टाकू पोरीला,” आप्पा म्हणाले. सत्यजीतनं मान डोलावली. तो भला मुलगा होता. नाहीतर स्वतः कॉलेजच्या ग्राउंडवर येऊन त्यानं ती सायकल समजावून सांगितली नसती.

“हिला सीटचा दांडा वेगळा नाही,” तो म्हणाला. “फ्रेमचीच नळी वर सीटपर्यंत गेलीय. सगळं एकजीव, कार्बनचं. जी चालवणार तिच्या मापानं ही नळी कापायची. वर टोपी बसते, टोपीवर सीट.”

करुणानं नळी हातानं चाचपली. ती वर कितीतरी लांब, टोकाशी कोरीच राहिलेली होती.

“आन् मग खाली-वर करायची झाली तर?”

“टोपीखाली चकत्या घालून बोटभर वर घेता येते. बाकी नाही.”

“म्हंजी एकदा कापली की संपलं?”

“कमी कापली तर पुन्हा कापता येते. जास्त कापली तर गेली. म्हणून मोजूनच कापायची.”

“एवढ्या महागाची सायकल,” करुणा म्हणाली, “आन् आमच्या भंगाराला येतं ते हिला येत न्हाई?”

सविता फिस्सकन हसली. सत्यजीतही हसला. “हलकी असते. आणि ताठ असते. पायातला जोर वाया जात नाही.”

हलकी होती, हे खरं. करुणानं ती दोन बोटांवर उचलली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा मऊ झाला. पठारे सरांनी रीतसर माप घेतलं. टाच पायडलवर, पाय पूर्ण सरळ, ही सीटची उंची. जुन्या सायकलीवर पडताळून पाहिलं आणि नव्या नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. तिथे कापायचं. सत्यजीत म्हणाला, दुकानात नेऊन कापून आणतो. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आपल्याकडे कुठलीही वस्तू घेणाऱ्याच्या हातात सरळ जात नाही. आधी ती स्टेजवर जाते.

आप्पांनी कार्यक्रम ठरवला. मांडव, बॅन्डवाले, दोन वार्ताहर आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स: ‘गरीब व मागासवर्गीय होतकरू विद्यार्थिनीस परदेशी सायकल भेट.’ फ्लेक्सवर आप्पांचा फोटो पुरुषभर आणि करुणाचा ओळखपत्रावरचा, तळाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

महेंद्र कंपनीतून रजा काढून इस्त्रीच्या शर्टात आला होता. करुणा त्याला फाटकातच भेटली.

“पप्पा, गरीब कोण हाय ह्यात?”

महेंद्रनं फ्लेक्स वाचला. पुन्हा वाचला. “छापणाऱ्याची सवय असती, बाळा.”

“सवय त्यांची आन् नाव माझं? सविताला दिली असती तर लिहिलं असतं का गरीब? जात लिहिली असती?”

“आज गप ऱ्हा,” आक्काबाई म्हणाली. “सायकल हातात येऊ दे. मग बोल किती बोलायचं ते.”

करुणा गप्प राहिली. आयुष्यात ती जितक्या वेळा गप्प राहिली, त्यातली ही सर्वांत महाग पडली.

सत्यजीतला त्या दिवशी पुण्यात काम निघालं होतं. आप्पांना मात्र आदल्या दिवशीच समजलं होतं की सायकल कापावी लागते. आणि कापायचं म्हटल्यावर त्यांच्या मनात एकच चित्र आलं. त्यांनी आजवर शंभर फिती कापल्या होत्या. ही कुणाच्या हातून कापायची, हा प्रश्नच नव्हता. स्टेजवर मधोमध सायकल उभी केलेली, नळीला हळदकुंकू, चिकटपट्टीच्या खाली झेंडूची माळ. आप्पांच्या पत्नी साखरबाईंनी सायकलीला ओवाळलं. ताटात नारळ, आणि नारळाशेजारी लोखंड कापायची करवत, तिच्या मुठीलाही लाल रिबीन.

करवत बघून करुणा पठारे सरांकडे वळली. “सर, हे इथंच कापणार?”

“खूण केलीय ना आपण,” सर पुटपुटले. “खुणेवर कापतील. हौस असते. होऊ दे.”

आप्पांनी भाषण केलं. ते लांब होतं. मग त्यांनी करुणाला सायकलीशेजारी उभं केलं आणि करवत हातात घेतली. एवढ्यात पहिल्या रांगेतून म्हाळू आबा उठले. आबांचं वय झालेलं, ते जन्मभर दुधाच्या किटल्या सायकलीला बांधून रतीब घालत आलेले, सायकलीतलं सगळं आपल्याला समजतं हा त्यांचा पक्का विश्वास.

“आप्पा, लय वर हाय ती पट्टी! पोरीचे पाय टेकायचे न्हाईत!”

आता इकडे सायकल कशी बसवतात, ते ध्यानात घ्यायला हवं. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले की सायकल मापाची. टेकले नाहीत तर मोठी. किटल्या, भाऱ्याचं ओझं, दर वळणावर म्हशी, दर फाटकाशी थांबणं, अशा सायकलीला ते बरोबरच आहे. दुकानदारही गिऱ्हाइकाला हेच विचारतो: पाय टेकतात का? मांडवातल्या प्रत्येक माणसानं सायकल अशीच घेतली होती. त्यामुळे आबा बोलले आणि मांडव हलला.

“व्हय की! टेकायचे न्हाईत!”

“पडंल पोरगी!”

“आप्पा, खाली घ्या, खाली!”

आप्पांना लोकांचं ऐकायला फार आवडे, विशेषतः माइक चालू असताना. “बरोबर बोलले आबा,” ते म्हणाले. “ही माझी लेक आहे. माझ्या लेकीला दगाफटका झालेला मला चालायचा नाही.” आणि त्यांनी ती चिकटपट्टी सोलली. चार बोटं खाली नळीला बोटानं कुंकवाची रेघ ओढली. “टाचा नाही, पण चवडे तरी टेकतील.”

“आप्पा, थांबा!” करुणा ओरडली. “मोजून लावलीय ती पट्टी! शर्यतीची सायकल हाय, हिला पाय टेकवायचे नसतात!”

“बघा, किती धीट आहे आमची पोरगी!” आप्पा माइकमध्ये म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

“सर, तुम्ही सांगा ना!”

सरांनी तोंड उघडलं. बॅन्डवाल्याला वाटलं हाच इशारा. ढोल-ताशा असा सुरू झाला की सर काय बोलले, बोलले का नाही, ते कुणालाच कळलं नाही. पुढे सर सांगत, आपण ‘साहेब’ एवढं म्हणालो होतो. तेवढ्यानं करवत थांबत नसते.

करुणानं नळीवर हात ठेवला. साखरबाईंनी तो मायेनं बाजूला घेतला आणि त्यात पेढा दिला. आप्पांनी फोटोपुरते चार-पाच हात मारले, धाप लागली, मग संस्थेचा वायरमन पुढे झाला आणि त्यानं उरलेलं काम उरकलं. काळी पूड झेंडूवर पडली. कापलेला तुकडा ताटात ठेवला, त्यालाही कुंकू लागलं. लोक उठून उभे राहिले. करुणा पेढा मुठीत चुरगाळत स्टेजवर उभी होती आणि रडत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला, खाली लिहिलं होतं: आनंदाश्रू.

आता ह्या मूर्खपणाला काय म्हणावं? पण संतापाला तोंड लागतं, आणि कुणी ऐकायला असावं लागतं. सगळं गाव म्हणत होतं, केवढी सायकल मिळाली!

करुणानं ती चालवून पाहिली. न्हावऱ्यापर्यंत गेली आणि परत आली तेव्हा गुडघे सुजले होते. पाय कधी सरळ होतच नव्हते. जिना चढताना कुणी डोक्यावर हात ठेवून दाबून धरावं, तसं. टोपीखाली मिळतील तेवढ्या चकत्या घातल्या, बोटभर वर आली, तीन बोटं उरलीच. पठारे सरांनी सत्यजीतला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आत पाइप-बिइप घालू नका हं, सर. तडकेल आणि पोरीच्या अंगात घुसेल.”

“आता?” सर करुणाला म्हणाले. “आता काय करायचं?”

“मला विचारता? तवा तुम्हाला विचारत हुते मी.”

सविता त्या वेळी पायरीवर बसून चेन पुसत होती. करुणानं तिच्याकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, चकत्या काढून टाकल्या आणि म्हणाली, “उठ. बस हिच्यावर.”

“मी?”

“तू नाय तर कोण? आप्पांनी तुझंच माप घेतलंय, न बघता.”

सविता बसली. टाच पायडलवर ठेवली. पाय सरळ झाला, अगदी जिथे व्हायला हवा तिथे. पठारे सर ‘अरे वा’ म्हणाले आणि लगेच गप्प झाले. सविता मैदानाला एक वेढा घालून आली, तिचे डोळे मोठे झाले होते. “करुणे, ही पळती गं! आपणहून पळती!”

“पळणारच. मी जुनी घेते. दोघींना एकेक झाली. जाऊ दोघी.”

“पण तुझ्या नावची हाय ना ती.”

“नावावर काय पाय पुरत्यात?”

निवड चाचणीला थोडेच दिवस उरले होते. दोघी रोज पहाटे न्हावऱ्याच्या रस्त्यानं जात, सविता नव्या सायकलीवर पुढे, करुणा जुनीवर मागे. करुणाचा राग पायांत उतरला होता, त्यामुळे जुनीही बरी पळत होती. आणि मग एका सकाळी आप्पांची जीप समोरून आली.

त्यांनी सवितेला हात करून थांबवलं. सायकलीवर कार्यक्रमासाठी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलेलं आप्पांचं नाव होतं आणि वर भलतीच मुलगी.

“ही साकोऱ्यांची ना? आणि करुणा कुठाय?”

“मागनं येतीय, आप्पा.”

करुणा येईपर्यंत ड्रायव्हरनं सायकल जीपमध्ये घातली होती. आप्पा रागावलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि मोठा माणूस दुखावला की त्याला समजावण्यात बाकीच्यांचा जन्म जातो. “मी गरिबाच्या लेकीला दिली,” ते म्हणाले. “तू ती बागायतदाराच्या लेकीला देऊन टाकलीस. माझ्या दानाची काही किंमत?” आणि जीप गेली. सविता रस्त्यात उभी, हातात नुसती पाण्याची बाटली. तिथून ती डबलसीट करुणाच्या मागे बसून येऊ शकत नव्हती, कारण शर्यतीच्या सायकलीला कॅरियर नसतं. दोघी चालत आल्या, आणि वाटभर करुणा बोलत होती.

पठारे सर म्हणाले, जरा नमतं घे, मी योग्य वेळी बोलतो. महेंद्र फोनवर म्हणाला, “बाळा, घेतलीच कशाला आपण त्यांच्याकडनं? जाऊ दे. तू जुनीवर जा.”

“आन् सविता?”

“तिचा बाप बघंल.”

सविताच्या बापानं आधीच सांगून टाकलं होतं: सायकल-बियकल पुरे, परीक्षेनंतर पाहुणे बघायला येणारायत. ही चाचणी हुकली की सविताचं सायकल चालवणंच संपणार, हे दोघींना माहीत होतं. करुणानं कवठ्याला जाऊन आईला तेवढंच सांगितलं. जन्मभर लेकीला गप बस म्हणत आलेल्या आक्काबाईनं पदर खोचला. “चल,” ती म्हणाली. “मी बी येते.”

बंगल्यावर आप्पा झोपाळ्यावर होते. साखरबाई खाली शेंगा सोलत होत्या. रविवार असल्यानं सत्यजीतही घरी होता. हॉलमधल्या काचेच्या कपाटात, सत्काराच्या नारळ-शालींमध्ये, नळीचा कापलेला तुकडा उभा करून ठेवला होता, कुंकवासकट. सायकल पुन्हा भिंतीवर गेली होती.

“या,” आप्पा म्हणाले. “बसा की खाली, ऐसपैस.”

आक्काबाईनं खुर्ची ओढली आणि खुर्चीवर बसली. करुणा उभीच राहिली.

“आप्पा, सायकल न्यायला आलीय.”

“आत्ता ने. तुझीच आहे. तू चालवणार असशील तर आत्ता ने.”

“मी चालवली तर गुडघे जात्यात माझे. तुम्ही चार बोटं जास्त कापलीत.”

“अगं, पाय टेकायला नकोत का?”

“शर्यतीत पाय टेकवत न्हाईत, आप्पा! पाय टेकला म्हंजी शर्यत संपली!”

“बाबा,” सत्यजीत म्हणाला, “मी सांगून गेलो होतो, पट्टीवर कापा. हलवली कुणी पट्टी?”

“सगळ्या लोकांनी सांगितलं. म्हाळू आबांनी सांगितलं.”

“म्हाळू आबा शर्यत लावणार होते का?”

साखरबाई शेंगा सोलता सोलता हसल्या आणि नवऱ्याकडे बघून गंभीर झाल्या. आप्पांचा झोपाळा थांबला. “हे बघा, मी चांगल्या मनानं दिलं. आता तुम्ही चार बोटांचा जाब विचारायला माझ्या दारात? साकोऱ्याला दोन विहिरी आहेत. त्यानं घ्यावी पोरीला. माझं दान गरिबासाठी आहे.”

करुणाचे कान तापले. पण ह्या वेळी ती ओरडली नाही. तिनं सावकाश विचारलं, “आप्पा, एक सांगा. सायकल कुणाची? तुमची का माझी?”

“तुझी. तालुक्यासमोर दिलीय. पेपरात आलंय.”

“माझी ना? मग माझ्या सायकलवर कुणाला बसवायचं ते मी ठरवणार. आन् तुमची असंल तर तसं पेपरात द्या. दिली व्हती, परत नेली, म्हणून. फोटो मी देते, आनंदाश्रूंचा.”

मग आक्काबाई म्हणाली, “आप्पा, लुगडं दिल्यावर ते कुणी नेसायचं ह्याच्यावर देणाऱ्यानं डोळा ठेवू नये. बरं दिसत न्हाई.” आणि वर, “आन् आमी गरीब न्हाई. तुमी सारखं सारखं म्हणता म्हणून सांगितलं.”

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा आधीच स्टुलावर चढून सायकल काढत होता.

“माझं नाव काढायचं नाही तिच्यावरचं,” आप्पा म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की. नावानं वजन वाढत न्हाई.”

सत्यजीत फाटकापर्यंत सोडायला आला. त्यानं टायरांत हवा भरून दिली आणि “सॉरी” म्हणाला. करुणानं ते घेतलं. त्या सगळ्या प्रकरणात तेवढं एकच माणूस तिला तसं म्हणालं.

निवड चाचणी दौंड तालुक्यात होती, केडगाव चौफुल्यापासून पारगावच्या पुलापर्यंत आणि परत. उसाच्या ट्रॉल्या, खड्डे, आणि परतताना तोंडावर वारा. निवडायच्या होत्या चौघी, आलेल्या होत्या वीसेक. आप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हजर होते आणि प्रत्येकाला दाखवत होते, ती बघा आमची सायकल. सविता आधी सुटली. आप्पांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. गरीब-श्रीमंत त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नव्हतं. करुणा बरीच मागून सुटली. जाताना तिनं जोर राखून ठेवला. पूल आला, वळली, आणि वारा अंगावर आला तेव्हा तिनं फ्लेक्स आठवला, ढोल-ताशा आठवला, तो पेढा आठवला. कुणी गाण्यावर सायकल चालवतं, कुणी देवाच्या नावावर. करुणानं ती दहा-बारा किलोमीटरची परतीची वाट शिव्यांवर काढली. त्यातल्या निम्म्या इथे लिहिता येणार नाहीत.

रेषा ओलांडून ती गवतात आडवी पडली, तर वार्ताहर हजर. “ताई, भेट मिळालेल्या परदेशी सायकलीवर कसं वाटलं?”

“मी जुनीवर हुते. डोळे हायत ना? लिहा: जुनी सायकल. सीट खाली-वर करता येती ती.”

त्यानं लिहून घेतल्यासारखं केलं. छापून आलं ते अर्थातच वेगळं.

पठारे सर टेबलाशी उभे राहून नावं ऐकत होते. पहिलं नाव बारामतीच्या मुलीचं. दुसरं, सविता साकोरे. सविता किंचाळली आणि तिनं सरांना मिठी मारली, सर इतके दचकले की त्यांची टोपी पडली. तिसरं नाव इंदापूरचं. मग संघटनेच्या माणसानं पान उलटलं, चष्मा पुसला, शेजाऱ्याशी काहीतरी बोलला, आणि करुणा गवतातून उठून बसली.

“चौथी, करुणा ओव्हाळ.”

आक्काबाई दिसेल त्याला ‘माझी पोरगी, माझी पोरगी’ सांगत सुटली. महेंद्र शिट्टी वाजवायला गेला, त्याला ती जमली नाही. सविता पळत आली, करुणाला हलवून हलवून म्हणाली, “दोघी! अगं, दोघी निघालो आपण!”

करुणा तिच्याकडे बघत राहिली. “तू दुसरी आलीस?”

“व्हय!”

“आन् मी चौथी?”

“व्हय की!”

“सायकल मी आणली. भांडण मी केलं. आन् तू मलाच मागं टाकलंस व्हय गं, सटवे?”

“मग काय, वाटंत थांबू व्हय तुझ्यासाठी? पाय टेकवून?”

करुणानं काढून टाकलेला बूट शोधायला गवतात हात घातला. सविता पळाली.